वारी येथील निम्फांची गुहा व तींतील लेख

ग्रीक लोकांच्या निम्फांविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें, त्याचा आधार बहुधा होमर व हेसिअड यांचीं काव्यें हाच असतो. डोंगर, झरे व वृक्ष यांत वास करणाऱ्या या स्त्रीदेवतांच्या कथा काव्यांत विपुल आहेत. परंतु त्यांची पूजा कोण व कशी करी, हें जाणण्यास शिलालेखांकडेच वळलें पाहिजे. अथेन्सच्या दक्षिणेस, हिमेट्टस पर्वताच्या टोकाशीं, वारी नामक गांवाजवळ एक गुहा आहे. तेथें इ. स. १९०१ मध्यें अमेरिकन विद्वानांनीं खोदकाम केलें. तींतील लेख आम्हांस या बाबतींत फार मोलाचे वाटतात.

इ. स. पूर्वी ५ व्या शतकाच्या अखेरीस थेरा बेटाचा आर्खेडेमॉस नांवाचा मनुष्य येथें राबत होता. निम्फांच्या आज्ञेवरून आपण ही गुहा घडविली, असें त्यानें खडकावर कोरून ठेविलें आहे. पाथरवटाचीं हत्यारें हातीं घेतलेली स्वतःची आकृतिही त्यानें तेथेंच खोदिली असून, दुसऱ्या एका लेखांत निम्फांकरितां बाग लाविल्याचें नमूद आहे. आकृति ओबडधोबड आहे, आणि खुद्द नांवाचें लेखनही सर्वत्र एकसारखें नाहीं. हा कोणी नांवाजलेला शिल्पी नसावा, असें आमचें मत आहे.

लेखांतील कळीचा शब्द 'निम्फोलेप्टॉस', म्हणजे निम्फांनीं धरलेला, हा होय. याचें भाषांतर 'झपाटलेला' असें केल्यास घात होतो. कारण आपल्या कानांस त्यांत बाधा ऐकूं येते, आणि आर्खेडेमॉस तर तो शब्द बिरुदाप्रमाणें मिरवितो! प्लेटोच्या 'फीड्रस' संवादांत इलिसस नदीच्या कांठीं बसलेला सॉक्रेटीस, बोलतां बोलतां आपलीही तीच अवस्था होईल, असें म्हणतो. तेथेंही दैवी स्फुरण हाच अर्थ जुळतो. थेसलींत फार्सालसजवळील गुहेंतल्या लेखाप्रमाणें पांटाल्केस नामक भक्तास निम्फांनींच त्या स्थळाचा रखवालदार नेमिलें होतें.

वारीच्या गुहेंतील एक लेख मात्र अगदीं व्यावहारिक आहे: आंतडीं बाहेर धुवावीं व घाण काढून टाकावी. काव्यांतल्या सुकुमार निम्फांपुढें पशुबळी पडत, याचा याहून उघड पुरावा कोणता?

पुढें इ. स. च्या ४ थ्या शतकांतील पुष्कळ दिवे या गुहेंत सांपडले. ते ख्रिस्ती लोकांचे कीं जुन्या देवतांच्या उपासकांचे, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं.