ठिणगी कमजोर, पण दोष चार्जिंगचा

मंडळी, आज जुन्या पेट्रोल गाड्यांबद्दल बोलू. म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, तिच्या आधीची फियाट अकराशे, किंवा महिंद्राची पेट्रोल जीप. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आपल्या नंदुरबार-शहाद्याकडे मात्र वडिलांची गाडी म्हणून कुणी ती अजून जपतं.

तक्रार ठरलेली असते. सकाळी नीट निघाली, तोरणमाळला पोहोचलीसुद्धा. संध्याकाळी दिवे लावून घाट उतरताना मिसिंग सुरू झालं. बाजूला घेऊन बंद केली, तर सेल्फ फिरेना. अंधार, घाट, मोबाइलला रेंज नाही, मागे घरची माणसं. दुसऱ्या दिवशी मग कॉइल बदला, प्लग बदला, नवी बॅटरी घ्या. पैसे जातात आणि दोष तसाच राहतो.

इथे लक्षात घ्या, ठिणगी आणि चार्जिंग ही वेगळी खाती नाहीत. चालू गाडीत कॉइलला वीज पुरवतो तो डायनॅमो किंवा अल्टरनेटर. त्याने हात आखडला की बॅटरी आपल्या साठ्यातून देत राहते. दिवसा बराच वेळ काही कळत नाही. दिवे लावले की साठा भराभर संपतो, व्होल्टेज उतरतं, ठिणगी मंदावते. इंजिन खोकतं म्हणून आपण कॉइलकडे बोट दाखवतो.

तेव्हा पान्याच्या आधी मल्टिमीटर. बारा व्होल्टची बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास हवी, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. गाडी सुरू करून थोडी रेस द्या. अल्टरनेटर असेल तर आकडा १३.८ ते १४.४ मध्ये यायला हवा. हललाच नाही, तर आधी पट्टा सैल आहे का बघा, मग वायरींची टोकं, मग कार्बन ब्रश. आकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. तो बॅटरीचं पाणी उडवतो, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये तर फारच लवकर.

डायनॅमोवाल्यांनी घाबरू नये. आयडलला लाल दिवा लुकलुकणं त्याचा स्वभावच आहे. रेस दिल्यावरही विझला नाही, तर बघायचं.

अर्थिंगकडे तर कुणी पाहतच नाही! मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती पट्टी सोडून, घासून पुन्हा आवळा. खर्च, पॉलिश पेपरचा एक तुकडा.

हे सगळं ठीक निघालं, तरच डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडा. पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं. गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. पॉइंट वारंवार जळत असतील, किंवा गाडी तापल्यावर बंद पडून गार झाल्यावर चालत असेल, तर कंडेन्सरचा संशय घ्या. तो स्वस्त आहे, एक जादा डिकीत ठेवा.

मागून प्रश्न आलाय, चालू गाडीत बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासावं का? नको. अल्टरनेटरचे डायोड त्यात उडतात. मीटर लावा.