पिनबॉलचा पडदा बदलला आणि खेळच बदलला!

खिळ्यांच्या फळीवर गोळी सोडून बॅगाटेल खेळलाय ना? पिनबॉल त्याचंच पुढचं रूप. बोर धरणाच्या वाटेवरच्या आमच्या हिंगणीत मी घरीच आभासी पिनबॉलचं कॅबिनेट बांधलंय, 'व्हिज्युअल पिनबॉल' या मोफत सॉफ्टवेअरवर.

यंदा त्याचा खेळाचा आडवा पडदा बदलला. जुना ६० हर्ट्झचा, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र. आता १२० हर्ट्झ, ८.३ मिलिसेकंद. चेंडू फ्लिपरच्या, म्हणजे तो टोलवणाऱ्या दांडीच्या, टोकाशी आला की हा फरक थेट बोटांना कळतो! टीव्ही वापरत असाल तर 'गेम मोड' आधी चालू करा. मागचा चित्राचा पडदा साधा चालतो.

खरी मजा मात्र ठोक्यात. फ्लिपरचा ठोका खराखुरा जाणवावा म्हणून काँटॅक्टर बसवले, विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये असतात तसलेच. पण स्टार्टरचा काढून लावू नका हं. त्याची कॉइल २४० किंवा ४१५ व्होल्ट एसीची असते, इथे २४ व्होल्ट डीसीची हवी. आणि प्रत्येक कॉइलला उलटा डायोड लावाच, चंदेरी पट्टी धन टोकाकडे. नाहीतर कॉइल बंद होताना उसळणारा व्होल्टेज काँटॅक्टर चालवणारा कंट्रोल बोर्ड जाळतो. माझा एक असाच गेला.

कुणी बांधत असाल तर कमेंटमध्ये विचारा, वायरिंगचे फोटो टाकतो.