रंगाआधी माळवद पाहा



उसाचे बिल हाती पडले की घरात पहिली बोलणी निघतात ती रंगाची. शहाबादी फरशी, ओसरीला निळा रंग, दाराला नवी चौकट. हौस असावीच. पण घाटनांदूर भागात ज्यांच्या जुन्या घराला अजून मातीचे माळवद आहे, त्यांनी पहिला रुपया माळवदावर घालावा.

शेजारच्या लातूर जिल्ह्यातला किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सात हजारांवर माणसे दगावली. बहुतेक झोपेत, आपल्याच भिंतींखाली. भिंती दगड-मातीच्या, अन् वर गळती थांबवायला वर्षानुवर्षे टाकलेली माती, थरावर थर. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार टनांच्या आसपास वजन. दोन बैलगाड्या ऊस डोक्यावर घेऊन निजण्यातलाच हा प्रकार!

मग करायचे काय? नवी माती टाकण्याआधी जुना थर उतरवा. भिंत फुगली वा उभी भेग पडली तर गिलाव्याने झाकू नका. जाणत्या गवंड्याला, जमल्यास इंजिनिअरला दाखवा. भिंत नव्याने बांधताना दोन्ही अंगांना पोचणारे लांब दगड मधूनमधून घाला. दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना सिमेंट-सळईचा सलग पट्टा फिरवा. छत लाकडी खांबांनी पेललेली घरे त्या भूकंपात पुष्कळदा तगली. म्हणून खोली मोठी दिसावी यासाठी खांब काढू नका. वाळवी तेवढी तपासा.

एवढे झाले की दिवाळीला रंग खुशाल द्या.