पावलांचे ठसे आणि वगळलेली वर्षे

लेखांक सातवा

संग्रहालयातील प्रदर्शनात ग्राफिक डिझाइनचे काम म्हणजे वस्तूंखालच्या नामपट्ट्या छापून देणे आणि माहितीफलकांसाठी नीटस अक्षरवळण निवडणे, अशी समजूत अजूनही अनेक ठिकाणी रूढ आहे. प्रत्यक्षात वस्तू कोणत्या क्रमाने समोर याव्यात, कोणती कोणाच्या शेजारी असावी आणि प्रेक्षकाने कोठे रेंगाळावे, हे जो ठरवतो तोच प्रदर्शनाची गोष्ट रचत असतो, आणि विसाव्या शतकात हे काम हळूहळू ग्राफिक डिझाइनरकडे आले. हर्बर्ट बायर (जन्म 1900) या ऑस्ट्रियन कलावंताची कारकीर्द या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. कारण प्रदर्शनाची मांडणी हे स्वतंत्र शास्त्र आहे असे मानून त्याने त्याचे नियम बसवले, आणि त्या नियमांचे सामर्थ्य व त्यांतला धोका हे दोन्ही त्याच्याच कामात दिसतात.

बायर बाउहाउस या जर्मन कलाशाळेचा विद्यार्थी. 1925 ते 1928 या काळात देसाऊ येथे त्याने तिच्या मुद्रण व जाहिरात विभागाची धुरा सांभाळली. कोलोन येथे 1928 मध्ये भरलेल्या ‘प्रेसा’ या मुद्रणविषयक प्रदर्शनात एल लिसिट्स्कीने सोविएत दालनासाठी छायाचित्रांची प्रचंड जोडचित्रे उभारली होती, आणि आपल्या विचारांना तेथूनच वळण मिळाले, हे बायरने पुढे मान्य केले. दोनच वर्षांनी पॅरिसमधील जर्मन दालनात त्याने वास्तूंची छायाचित्रे भिंतीला सपाट न चिकटवता वेगवेगळ्या कोनांत कलती टांगली. या मांडणीमागचे तत्त्व त्याच्या एका प्रसिद्ध रेखाकृतीत सापडते: त्यात एक माणूस उभा आहे, त्याच्या डोक्याच्या जागी एकच भला मोठा डोळा आहे, आणि त्या डोळ्यातून निघालेल्या रेषा समोरच्या, वरच्या व खालच्या फलकांना जाऊन भिडतात. उभ्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात जेवढे येते तेवढ्या सगळ्याला दृष्टिक्षेत्र म्हणतात. बायरचे म्हणणे असे की, प्रेक्षकाने भिंतीच्या सोयीने मान वळवण्याऐवजी भिंतीनेच प्रेक्षकाच्या दृष्टिक्षेत्राच्या सोयीने वळावे.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने, म्हणजे ‘मोमा’ने, 7 डिसेंबर 1938 रोजी ‘बाउहाउस 1919–1928’ हे प्रदर्शन उघडले, तेव्हा मांडणीचे काम नुकत्याच अमेरिकेत आलेल्या बायरकडे होते. संग्रहालयाची स्वतःची इमारत अजून पुरी व्हायची होती, त्यामुळे रॉकफेलर सेंटरच्या तळघरातील तात्पुरत्या जागेत खुर्च्या, दिवे, विणकाम, मुद्रणाचे नमुने आणि विद्यार्थ्यांचे अभ्यासप्रयोग मांडावे लागले. आडव्यातिडव्या आणि अपरिचित अशा या जागेत प्रेक्षक भरकटू नये म्हणून बायरने जमिनीवर रंगाने पावलांचे ठसे, दिशादर्शक रेषा व अमूर्त आकार काढले. पायांखालची फरशी अशा रीतीने वाचण्याचा मजकूर झाली: कोठून सुरुवात करायची, कोठे वळायचे, कोणत्या वस्तूसमोर थांबायचे हे एकही शब्द न लिहिता सांगितले गेले. याच संग्रहालयाचे संचालक आल्फ्रेड बार यांनी चित्रे फिकट भिंतीवर, ऐसपैस अंतर राखून, नजरेच्या उंचीवर लावण्याची जी शिस्त घालून दिली होती, तिच्याशी हा प्रकार उघडउघड फटकून होता.

समीक्षकांपैकी काहींना हे सारे विस्कळीत व गोंधळात टाकणारे वाटले, आणि ती टीका सर्वस्वी अन्याय्य म्हणता येणार नाही. जेथे भिंत, छत आणि फरशी एकाच वेळी बोलू लागतात तेथे मधल्या खुर्चीकडे लक्ष जाईलच याची शाश्वती नसते. तथापि बाउहाउसची शिकवण वस्तू नुसत्या ओळीने ठेवून कळली असती का, हा प्रश्न टीकाकारांनी फारसा विचारलेला दिसत नाही.

खरे कथन मात्र ठशांमध्ये नव्हते, ते शीर्षकातील दोन आकड्यांत होते. बाउहाउस 1933 पर्यंत चालले. 1928 हे तिचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस यांनी, आणि त्यांच्यापाठोपाठ बायरनेही, शाळा सोडल्याचे वर्ष आहे. प्रदर्शनाच्या आणि सोबतच्या ग्रंथाच्या आखणीत ग्रोपियस, त्यांच्या पत्नी इझे आणि बायर हेच पुढे होते, तेव्हा गोष्ट त्यांच्या निरोपापाशी संपावी यात नवल नाही (निवडणाऱ्याचे चरित्र निवडीत उतरतेच). त्यामुळे डाव्या विचारांचे हानेस मायर आणि त्यांच्यानंतरचे मीस व्हान डेर रोहे या दोन संचालकांची वर्षे चौकटीबाहेर पडली. शाळेचे बाजारात सर्वाधिक चाललेले उत्पादन म्हणजे भिंतीला लावायचा स्वस्त वॉलपेपर. तोही मायर यांच्याच काळातला. पुढे कित्येक वर्षे इंग्रजी वाचकांना बाउहाउस म्हणून जे ठाऊक झाले, ते बव्हंशी याच कापलेल्या कालखंडातले होते.

मांडणीचे तंत्र कोणाची गोष्ट सांगते याविषयी उदासीन असते. बर्लिन ऑलिंपिकच्या वर्षी, 1936 मध्ये, नाझी राजवटीच्या ‘डॉइचलांड’ प्रदर्शनाची पुस्तिका बायरनेच रचली होती. आणि 1942 मध्ये छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांच्यासोबत त्याने ‘मोमा’त ‘रोड टू व्हिक्टरी’ हे अमेरिकेच्या युद्धप्रयत्नांचे प्रदर्शन मांडले, ज्यात प्रेक्षक ठरवून दिलेल्या वाटेने अवाढव्य छायाचित्रांमधून चालत जात असे. त्यातल्या एका वळणावर पर्ल हार्बरचा स्फोट आणि हसणारे जपानी राजदूत जवळजवळ लावलेले होते, आणि त्यांना जणू उत्तर देणारा एक करारी चेहऱ्याचा अमेरिकन शेतकरी तेथेच उभा होता. हा शेतकरी डोरोथिया लँग यांनी 1937 मध्ये टेक्सासमध्ये टिपलेल्या एका समूहचित्रातून वेगळा काढलेला होता. मूळ चित्रातील माणसे ही यांत्रिक शेती आल्यामुळे जमिनीवरून उठवली गेलेली कुळे होती, आणि ते टिपले गेले तेव्हा पर्ल हार्बरच्या हल्ल्याला अजून चार वर्षे अवकाश होता.