सूर चुकला म्हणजे मूल चुकले नव्हे

रात्रीची जेवणे होतात न होतात, तोच घरोघरी टीव्हीवर गाण्याची स्पर्धा सुरू होते. समोर एखादे दहा-बारा वर्षांचे पोर माईक धरून उभे असते आणि इकडे आपल्या घरातील प्रत्येक माणूस परीक्षक झालेला असतो. "ही सुरात नाही." "याचा आवाज किनरा आहे." "हिला उगाच डोक्यावर चढवलंय." ज्याने जन्मात पेटीच्या भात्याला हात लावला नाही, तोही निकाल देऊन मोकळा होतो. वाचकहो, हे मी इतरांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. मीही त्यातलीच. बी.कॉम. झालेली, दिवसभर कार्यालयात बिले तपासणारी, आणि रात्री त्याच नजरेने मुलांची गाणी तपासणारी. ही सवय मला एकदा महागात पडली. खरे म्हणजे मला नाही, माझ्या भावाच्या मुलीला पडली. म्हणून हा लेख.

माझ्या हातून झालेली चूक

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीपलीकडच्या वस्तीत भीमजयंतीनिमित्त मुलांची गीतगायन स्पर्धा होती. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मला परीक्षक म्हणून बोलावले. माझी भाचीही स्पर्धेत होती, वय वर्षे अकरा. पहिल्या दोन ओळी तिने चांगल्या म्हटल्या. अंतऱ्याला आवाज वर गेला आणि फाटला. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. लोक हसले.

आता, घरातल्या मुलीला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, ही माझी धास्ती. म्हणून मी माईकवरून टीव्हीतल्या परीक्षकांच्या थाटात बोलले, "बाळा, तू अभ्यासात हुशार आहेस, तिकडे लक्ष दे. गाणं तुझं काम नव्हे." टाळ्या पडल्या. मला वाटले, काय निःपक्षपातीपणा दाखवला!

त्या दिवसापासून पोरीने गाणे बंद केले. शाळेच्या संमेलनात नाही, घरात नाही, लग्नाच्या हळदीलाही नाही. वर्षभराने गाणे शिकवणाऱ्या एका बाईंशी सहज बोलताना मी हा प्रसंग सांगितला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पट्टी कोणती होती?" मला सांगता येईना. चौकशी केली तेव्हा कळले, की पेटीवाल्यांनी आधीच्या मोठ्या मुलीसाठी धरलेली उंच पट्टीच पुढे चालू ठेवली होती. गाणेही वरच्या सप्तकात जाणारे. त्या पट्टीत तो अंतरा गाणे भाचीला शक्यच नव्हते. दोष आवाजाचा नव्हता, पट्टीचा होता. परीक्षक म्हणून मी तेवढेच ओळखायला हवे होते आणि नेमके तेच मला ओळखता आले नाही.

चार मिनिटांचा निकाल

मी शनिवार पेठेत राहते. संध्याकाळी कार्यालयातून घरी येताना मेहुणपुऱ्यातून यावे लागते. तिथे गांधर्व महाविद्यालय आहे. विनायकबुवा पटवर्धनांनी ते १९३२ साली पुण्यात सुरू केले. त्यांचे गुरू विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला पहिले गांधर्व महाविद्यालय काढले होते. घराण्याच्या आणि दरबाराच्या बंद दारांआड असलेले गाणे सर्वसामान्यांच्या मुलांसाठी वर्गात आणण्याचे ते मोठे पाऊल होते. गांधर्वच्या परीक्षांची शिडी आपल्यापैकी काहींना माहीत असेल. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद. विशारदपर्यंत जायला सहज सहा-सात वर्षे लागतात. चुकलेला स्वर त्या वर्गात शंभरदा घोटून घेतात, पण चुकला म्हणून कोणाला घरी पाठवत नाहीत.

याउलट टीव्हीवर चार मिनिटांचे गाणे आणि दोन मिनिटांचा निकाल. झी टीव्हीवर १९९५ साली 'सा रे ग म' सुरू झाले, सोनू निगम सूत्रसंचालन करायचे, तेव्हा मी शाळेत होते. परीक्षक म्हणून संगीतातील बुजुर्ग यायचे. ते मोजके बोलत आणि गाण्याबद्दलच बोलत. पुण्याच्या बेला शेंडे यांचे नाव त्याच मंचावरून देशभर झाले.

पुढे मोबाईलवरून मते मागवण्याची पद्धत आली. मुंबईचा अभिजीत सावंत २००५ साली 'इंडियन आयडॉल'चा पहिला विजेता झाला, तो प्रेक्षकांच्या मतांवर. मतांमुळे सामान्य प्रेक्षकाला अधिकार मिळाला, ही चांगली बाजू. पण एसएमएस पाठवताना आपण गाणे पाहतो, की गाव, जात, चेहरा आणि कहाणी पाहतो? हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःच्या मनाला विचारावा.

लिटल चॅम्प्सचा धडा

२००८-०९ मधले झी मराठीचे 'सारेगमप लिटल चॅम्प्स' कोण विसरेल? आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे आणि लातूरचा रोहित राऊत. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, पल्लवी जोशी सूत्रसंचालक. गुणांऐवजी स्वर द्यायचे. 'ध' मिळाला तरी चेहरे उतरायचे, 'नी' मिळाला की घरात टाळ्या. कार्तिकी जिंकली, तेव्हा आमच्या वाड्यात दोन तट पडले होते. आर्याच जिंकायला हवी होती, असे म्हणणारे पुण्यात पुष्कळ होते.

आज मागे वळून पाहिले तर काय दिसते? कार्तिकीचे गाणे मोकळ्या, खड्या आवाजाचे, वारकरी भजनाच्या वळणाचे. आर्याचे गाणे नाजूक हरकतींचे, भावगीताच्या वळणाचे. दोन्ही पक्क्या सुरातली, पण दोघींची जात वेगळी. ज्वारीची भाकरी आणि पुरणपोळी यांना एकाच मापाने गुण द्यायचे कसे? न जिंकलेला रोहित राऊत पुढे २०२० साली 'इंडियन आयडॉल'मध्ये उपविजेता झाला. आणि २०२१ साली हेच पाच जण 'लिटल चॅम्प्स'च्या नव्या पर्वात परीक्षकांच्या जागी बसले. म्हणजे त्या वयातला निकाल हा शेवटचा निकाल नसतो. मूल टिकले तर गाणे वाढते. म्हणून मूल टिकेल अशा रीतीने बोलणे, हे परीक्षकाचे पहिले काम.

ना फटकारा, ना खोटी वाहवा

कठोर शेऱ्याचा परिणाम किती खोल जातो? २००८ साली कोलकात्यातील सोळा वर्षांच्या एका मुलीची बातमी देशभर गाजली. एका बंगाली वाहिनीच्या स्पर्धेत परीक्षकांनी तिला सर्वांसमक्ष फटकारले. त्यानंतर ती खचली, तिची वाचा गेली, तिला उपचारांसाठी बंगळूरुला न्यावे लागले. कारण नेमके कोणते यावर वाद झाला. पण मुलांना कॅमेऱ्यासमोर कसे वागवावे, ही चर्चा त्यातून सुरू झाली आणि राष्ट्रीय बालहक्क आयोगाने पुढे मार्गदर्शक सूचना तयार केल्या. २०१७ च्या बालकामगार नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि त्याच्या उत्पन्नातील किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. आपले मूल अशा ठिकाणी पाठवणाऱ्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरे टोक खोट्या वाहवाचे. मे २०२१ मध्ये 'इंडियन आयडॉल'चा किशोरकुमार विशेष भाग झाला. त्यानंतर त्यांचे चिरंजीव अमितकुमार यांनी उघड सांगितले, की सर्वांचे कौतुक करा असे आपल्याला सांगण्यात आले होते. सगळ्यांनाच 'अप्रतिम' म्हटले, तर खरोखर चांगले गाणाऱ्याला काय म्हणायचे? आणि ज्याचा ताल कच्चा आहे, त्याला ते कळणार कधी?

तिसरी गोष्ट आपल्या वाचकांच्या अधिक जिव्हाळ्याची. २०२० साली 'इंडियन आयडॉल' जिंकलेला भटिंड्याचा सनी हिंदुस्तानी बूटपॉलिश करायचा. त्याच्या पुढच्या पर्वात तिसरी आलेली मुंबईची सायली कांबळे हिचे वडील रुग्णवाहिका चालवायचे. अमरावती जिल्ह्यातून गरिबीशी झगडत आलेल्या वैशाली भैसने-माडे यांनी मराठी 'सारेगमप' जिंकले आणि २००९ साली हिंदीही जिंकले. या सर्वांचा अभिमान वाटतोच. कष्टाच्या कामात लाज कसली? पण पडद्यावर गाण्याआधी ही कहाणी करुण संगीतासह दाखवतात, परीक्षकांचे डोळे पाणावतात, आणि गाणे संपल्यावर गाण्याविषयी एक वाक्यही नीट बोलले जात नाही. गरीब घरच्या मुलालाही त्याच्या सुराबद्दल स्पष्ट मत ऐकण्याचा हक्क आहे. त्याला दयेचे गुण देणे म्हणजे त्याला कलावंत न मानणे होय. वैशालीताईंनी पुढे 'बाजीराव मस्तानी'त श्रेया घोषाल यांच्या बरोबरीने 'पिंगा' गायले, ते गळ्याच्या जोरावर.

माझा साधा तक्ता

चूक उमगल्यावर मी गाणे ऐकण्यासाठी एक तक्ता केला. कारकुनाला तक्त्याशिवाय सुचत नाही! त्यात पाच रकाने आहेत.

पहिला, पट्टी आणि गाण्याची निवड. खालचा आणि वरचा, दोन्ही सूर मुलाला सहज लागतात का? साधारणपणे पुरुष पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास. प्रत्येकाची पट्टी निराळी. ती चुकली की पुढचे सगळे चुकते.

दुसरा, सूर. हरकती-मुरक्या सोडा, ओळीच्या शेवटचा लांबवलेला स्वर ऐका. तो थरथरत खाली घसरला की समजावे, दम अपुरा आहे.

तिसरा, ताल आणि लय. गाणारा समेवर येतो का? घाबरलेले मूल हमखास घाई करते. ते अज्ञान नव्हे, भीती असते.

चौथा, शब्द. इथे मात्र पेठेतल्या माणसांनी आणि आपणही जपून बोलावे. 'पाणी'चे 'पानी' झाले की हसणारे पुष्कळ. भावगीतात 'ण' हवा असेल तर "जीभ मागे वळवून म्हण" असे सांगावे, पोर दोन दिवसांत शिकते. "तुझी भाषाच अशुद्ध" असे म्हटले, की त्याच्या आईची, त्याच्या घराची भाषा आपण नापास करतो. लोकगीतात तर बोली हाच प्राण असतो. प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज मैफिलीच्या मापाने कोणी मोजला नाही. लोकांनी तो काळजाने ऐकला. त्यांचे नातू आदर्श शिंदे पुढे टीव्हीवर मुलांच्या स्पर्धेत परीक्षकांच्या खुर्चीत बसले, ही आपल्या सर्वांना आनंद देणारी गोष्ट आहे.

पाचवा, भाव. गाण्याचा अर्थ मुलाला कळला आहे का? न कळता केलेले हातवारे लगेच ओळखू येतात.

या पाच रकान्यांत कपडे नाहीत, रंग नाही, आडनाव नाही, गरिबी नाही आणि नवसाने झालेले कौतुकही नाही. आणखी एक नियम मी स्वतःला घातला. शेरा असा लिहायचा, की मुलाला उद्या सकाळी रियाजाला बसून त्यावर काही करता येईल. "आवाजात दम नाही" हा शेरा नव्हे. "दुसऱ्या ओळीच्या मध्यावर श्वास घे" हा शेरा.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. टीव्हीवर दिसते ते गाणे संपादन करून दाखवलेले असते. सुटलेला सूर संगणकावर जागी बसवता येतो. म्हणून टीव्हीतल्या मुलाशी आपल्या मुलाची तुलना करणे आधीच चुकीचे. आपले मूल स्वयंपाकघरात उभे राहून, कोणत्याही यंत्राशिवाय गात असते.

शेवटी

भाची आता एकोणीस वर्षांची आहे. गेल्या वर्षी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "आत्या, तू काय म्हणालीस ते मला आठवत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ते आठवतं." मला काही उत्तर सुचले नाही.

यंदा जयंतीच्या आधी आठवडाभर ती आमच्या घरी आली होती. रात्री टीव्हीवर स्पर्धा चालू होती. तिने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "तू आत जाऊन बैस. मी इथे गाते." मी आतल्या खोलीत दार लोटून बसले. तिने तेच गाणे म्हटले. खालच्या पट्टीत. अंतरा नीट लागला. शेवटचा स्वर किंचित घसरला.

बाहेर येऊन मी एका कागदावर लिहिले, "पट्टी बरोबर. शब्द स्वच्छ. शेवटच्या ओळीआधी श्वास घे." तिने कागद वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि विचारले, "पुन्हा म्हणू?"

आज रात्री आपल्या घरी टीव्ही लागेल तेव्हा निकाल जरूर द्या. पण शेजारी बसलेले आपले मूल तो निकाल ऐकते आहे, हे विसरू नका.