घरच्या राउटरसाठीं नेटवर्क कार्डाची निवड

नेसरीची खिंड म्हटली कीं २४ फेब्रुवारी १६७४ हा दिवस आणि सरनोबत प्रतापराव गुजर व त्यांचे सहा स्वार यांची आठवण प्रत्येक मराठी माणसास होते. आम्ही त्याच गांवचे रहिवासी असल्यामुळें खिंडीचा एक साधा धर्म लहानपणापासून पाहत आलों आहों. येणाऱ्याजाणाऱ्यास तेथें दुसरी वाट नसते; म्हणून पहारा ठेवावयाचा तर तो तेथेंच ठेवावा. हल्लीं घरोघरीं इंटरनेटची जी जोडणी आली आहे, तिलाही अशीच एक खिंड असते. घरांतील चारपांच मोबाइल, मुलांचा संगणक, दूरदर्शनसंच, दारावरचा कॅमेरा, या सर्वांची वाहतूक एका लहानशा पेटींतून होते. तिला राउटर म्हणतात. त्या पेटीवर पहारा कसा आहे, हें मात्र फार थोड्या घरांत कोणी पाहतें.

तें पाहिलें पाहिजे असें आम्हांस कां वाटतें, तें आधीं सांगतों. आमच्या वयाच्या माणसांचें निवृत्तिवेतन, बँकेचें खातें, विजेचें बिल, सारें मोबाइलमध्यें येऊन बसलें आहे. मुलें पुण्यास, बंगळूरास किंवा अमेरिकेंत. घरीं एकट्या राहणाऱ्या आईची खुशाली त्यांस दिसावी म्हणून माजघरांत कॅमेरा लावलेला असतो. हेतु चांगलाच. परंतु २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या घातक आज्ञावलीनें जगभरचे असले कॅमेरे व राउटर लाखांच्या संख्येनें ताब्यांत घेतले. कारण इतकेंच कीं, कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द कोणीं बदलला नव्हता. त्या वर्षीं २१ ऑक्टोबरला याच फौजेच्या बळावर अमेरिकेंतील मोठमोठीं संकेतस्थळें कित्येक तास बंद पाडण्यांत आलीं. हें दूरचें वाटत असेल तर शेजारचें पाहावें. जुलै २०१७ मध्यें कर्नाटकांत भारत संचार निगमाच्या ग्राहकांचे हजारों मोडेम अशाच हल्ल्यानें निकामी झाले, आणि तेथेंही मूळचा शब्द तसाच राहिलेला होता.

कंपनी जी पेटी देते ती वाईटच असते असें आमचें म्हणणें नाहीं. पण तिच्यांतील आज्ञावली सुधारण्याचें काम कोणाचें, व तें किती वर्षें चालणार, याचें उत्तर ग्राहकास सहसा मिळत नाहीं. म्हणून ज्यांस थोडी हौस व बरीचशी चिकाटी आहे, त्यांनीं माळ्यावर पडलेल्या जुन्या संगणकाचाच राउटर करावा, असें आमचें मत आहे. त्यासाठीं लागणाऱ्या आज्ञावल्या विनामूल्य मिळतात. ‘पीएफसेन्स’ २००४ सालीं सुरू झाली. तिच्यांतून फुटून निघालेली ‘ओपीएनसेन्स’ जानेवारी २०१५ मध्यें प्रसिद्ध झाली. दोहोंचा पाया ‘फ्रीबीएसडी’ या प्रणालीचा आहे. आंतबाहेर जाणारें प्रत्येक टपाल तपासून सोडण्याचें जें काम त्या करतात, त्यास फायरवॉल म्हणतात. शब्द बांधकामांतला आहे: एका घराची आग दुसऱ्यास लागूं नये म्हणून मध्यें घातलेली भिंत. कोणी त्याचें ‘अग्निभित्ति’ असें भाषांतर केल्यास आमची हरकत नाहीं, पण दुकानांत तो शब्द चालणार नाहीं.

आतां मुख्य विषय. जुन्या संगणकास केबल लावण्याचें तोंड, म्हणजे पोर्ट, बहुधा एकच असतें. पहारेकऱ्यास निदान दोन लागतात: एक बाहेरचें, एक घराकडचें. हें दुसरें तोंड ज्या पट्टीवर असतें तिला नेटवर्क कार्ड म्हणतात. संस्कृतांत देहलीदीपन्याय आहे. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा ओटी आणि माजघर दोन्ही उजळतो. कार्डाचें काम अगदीं तसें आहे, आणि तें अडखळूं लागलें तर दोन्हीकडे एकदमच अंधार होतो.

बाजारांत गेलें कीं दुकानदार प्रथम वेगाचें सांगतो. अडीच गिगाबिट, दहा गिगाबिट! गृहस्थानें येथें शांत राहावें. आमच्याकडील बहुतेक जोडण्या सेकंदास १०० किंवा २०० मेगाबिटांच्या. साध्या एक गिगाबिटच्या कार्डाची शक्ति १००० मेगाबिटांची. दहा गिगाबिटचीं तांब्याच्या तारेचीं कार्डें तापतातही फार. तेव्हां वेगाचा प्रश्न येथेंच सोडून द्यावा.

विचार करावयाचा तो दोन गोष्टींचा. पहिली, कार्डावरची चिप कोणाची. आज्ञावली आणि चिप यांच्यामध्यें दुभाष्याचें काम करणारा एक भाग असतो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. इंटेलच्या आय२१० व आय३५० या चिपांचे दुभाषे फ्रीबीएसडींत वर्षानुवर्षें मुरलेले आहेत. रियलटेकचीं कार्डें स्वस्त, आणि लिनक्सवर तीं बरीं चालतात. पण फ्रीबीएसडीवर काम वाढलें कीं मध्येंच मुकीं होतात अशी तक्रार जुनी आहे. अर्थात् इंटेलचें नांव म्हणजे सोवळें नव्हे. त्याच कंपनीच्या अडीच गिगाबिटच्या आय२२५ चिपेच्या आरंभींच्या आवृत्त्यांत दोष निघाले होते. यूएसबीच्या खांचेंत खोंचावयाचीं जोडकार्डें प्रवासास ठीक. पण अहोरात्र चालणाऱ्या पहाऱ्यावर तीं नेमूं नयेत. धक्का लागला कीं सुटतात.

दुसरी गोष्ट पोर्टांच्या संख्येची, आणि आमच्या मतें खरी निवड येथें आहे. आपण कोणावर किती विश्वास ठेवतों, त्यावरून पोर्ट मोजावे. बाहेरचें एक, घरच्या मंडळींचें एक, हें झालेंच. कॅमेरा व दूरदर्शनसंच यांस मात्र तिसरें द्यावें. म्हणजे कॅमेरा कोणीं ताब्यांत घेतला तरी तो ज्या मोबाइलमध्यें बँक आहे त्यापर्यंत पोंचत नाहीं. मध्यें फायरवॉल उभी असते. विद्यार्थी भाडेकरू असेल तर त्यासाठीं चौथें. अशा घरानें चार पोर्टांचें आय३५० घ्यावें. कॅमेरा वगैरे कांहीं नसेल त्यानें दोन पोर्टांवर भागवावें. मोठ्या कार्यालयांच्या सर्व्हरांतून काढलेलीं असलीं कार्डें जुन्या बाजारांत पुष्कळ येतात, व तीं नव्या हलक्या कार्डांपेक्षां भरवंशाचीं असतात.

विकत घेण्यापूर्वीं संगणक उघडून खांच पाहावी. जुन्या पीसीआय पद्धतीची खांच असेल तर तिच्या सगळ्या मार्गाची मिळून शक्ति सेकंदास १३३ मेगाबाइट, आणि एक गिगाबिट पोर्ट एका दिशेसच १२५ मागतो. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या पिढींतील एक मार्गिकाही प्रत्येक दिशेस २५० देते. चार पोर्टांच्या कार्डास बहुधा चार मार्गिकांची खांच लागते. संगणक बारक्या चणीचा असेल तर कार्डाची लोखंडी पट्टीही आंखूड मिळते कीं नाहीं, तें आधीं विचारावें. या एका पट्टीपायीं चांगलें कार्ड हातांत घेऊन बसण्याची पाळी येते.

इंटेलच्या नांवाचीं बनावट कार्डें फार आहेत. आमच्या पुतण्यानें मागविलेलें एक तसेंच निघालें. छपाई पुसट, पत्रा पातळ. दोन दिवस नीट चाललें आणि मोठी फाइल उतरवूं लागतांच जोडणी वरचेवर तुटूं लागली. किंमत अकारण कमी दिसली तर तोच इशारा समजावा. परत घेण्याची मुदत असेल तेथेंच कार्ड घ्यावें, आणि त्या मुदतींत रात्रंदिवस काम देऊन त्याची परीक्षा करावी.

खर्चाचा हिशेब पुरा मांडला पाहिजे. जुना संगणक सरासरी ४० वॅट खात असेल तर वर्षाकांठीं ३५० युनिट वीज होते. दहा वॅटची लहान पेटी घेतली तर तेंच काम ८८ युनिटांत होतें. तिच्यांतही चिप कोणती, हा प्रश्न पहिला. बिनतारी जोडणीसाठीं निराळें कार्ड घेऊं नये, जुना राउटर त्या कामीं लावावा. कंपनीच्या पेटीस ‘ब्रिज’ पद्धतीनें केवळ पुलाचें काम देण्याची विनंती करावी. आणि मोबाइलवर पोलिसांच्या नांवानें धमकावणाऱ्या ठकांपुढें कोणतीच फायरवॉल चालत नाहीं, हें घरांतील वडील मंडळींस निराळें समजावून सांगावें लागतें.

काचतंतूंतून वीज येत नाहीं, तरी विजेच्या तारेंतून ती येते. वळवाचा गडगडाट सुरू झाला कीं प्लग काढून ठेवावा. दोन पोर्टांचें एखादें जुनें कार्ड कपाटांत शिल्लक असूं द्यावें. बाहेरच्या पोर्टास लाल, घरच्यास हिरवा, कॅमेऱ्याच्या पोर्टास पिवळा असा कागद चिकटवावा व तीच खूण वहींत लिहावी. म्हणजे आपण परगांवीं असलों तरी घरीं फोन करून ‘लाल तेवढी काढून पुन्हा लावा’ असें सांगतां येतें.