मोहाचे फूल, मद्य आणि मानवी शरीर

इंदूरच्या पश्चिमेस धार, झाबुआ व अलिराजपूर या जिल्ह्यांत चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पहाटे गळू लागतात. भिल्ल व भिलाला कुटुंबे ती वेचून वाळवितात, खातात, बाजारात विकतात आणि त्यांचीच दारूही काढतात. लग्नकार्यात व सणावारी पहिली धार देवांना आणि पूर्वजांना जमिनीवर वाहण्याची चाल आहे. मध्य प्रदेशाच्या अबकारी कायद्यात अनुसूचित जमातींना घरगुती वापरापुरती, ठराविक मर्यादेत दारू काढण्याची सूट आहे. २०२२ मध्ये राज्याने मोहाच्या दारूस वारसा मद्याचा दर्जा देऊन तिच्या निर्मितीत आदिवासी बचत गटांना स्थान दिले.

मद्याशी माणसाचे नाते मात्र भट्टीहून फार जुने आहे. पिकून गळालेल्या फळातील साखरेपासून यीस्ट हे सूक्ष्मजीव मद्यार्क तयार करतात. सुमारे १ कोटी वर्षांपूर्वी मानव, चिंपांझी व गोरिला यांच्या समान पूर्वजाच्या शरीरातील एका विकरात बदल झाला आणि मद्यार्क पचविण्याची त्याची क्षमता जवळजवळ ४० पटींनी वाढली, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. झाडावरून उतरून जमिनीवरची आंबलेली फळे खाणाऱ्यास ही सोय उपयोगी पडली असावी. परंतु ती फळापुरतीच होती. मद्यार्क १५ टक्क्यांच्या आसपास पोहोचला की बहुतेक यीस्टही तग धरत नाही. भट्टीने ही नैसर्गिक मर्यादा ओलांडली. यकृताचा वेग मात्र होता तेवढाच राहिला.

याहून मोठा धोका भेसळीचा. उद्योगधंद्यांत वापरले जाणारे मेथिल अल्कोहोल स्वस्त नशेसाठी दारूत मिसळले, तर चवीवरून किंवा वासावरून ते ओळखू येत नाही. यकृतातील विकरे त्यापासून अखेर फॉर्मिक आम्ल बनवितात व डोळ्यांच्या नसा निकामी होतात.  ऑक्टोबर २०२० मध्ये उज्जैन, जानेवारी २०२१ मध्ये मुरैना आणि जुलै २०२१ मध्ये मंदसौर जिल्ह्यात विषारी दारूने अनेकांचे बळी घेतले.

मेथिल अल्कोहोलच्या विषबाधेची लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी दिसतात. नशा उतरत असेल, अशा समजुतीने घरचे लोक रोग्यास झोपू देतात आणि मोलाचा वेळ निघून जातो. पोटदुखी, उलट्या, धाप, डोळ्यांपुढे धुके येणे यांपैकी काहीही आढळल्यास त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. विकराचे कार्य रोखणारे औषध व रक्तशुद्धीची सोय तेथेच होऊ शकते. सोबत प्यालेल्या इतरांनाही, त्रास होत नसला तरी, त्याच वेळी घेऊन जावे.